टचस्क्रीनवरचा माऊसचा बाण लपवायचाय? आधी तो आला कुठून ते बघा

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्याला कळेल. दूध संकलन केंद्रासाठी रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर स्क्रीन बनवलीय, दहा इंची टच पॅनल ऑनलाईन मागवलेलं, एचडीएमआय आणि यूएसबीवाला, वर क्रोमियम ब्राऊझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे एकच पान फुल स्क्रीन. जुन्या मेमरी कार्डवर अनक्लटर हा बाण झाकणारा प्रोग्रॅम टाकला की बाण गायब व्हायचा, सिस्टीमची नवीन इमेज टाकल्यापासून अनक्लटरचा काही उपयोग नाही, बाण स्क्रीनच्या मधोमध बसतो आणि तो नेमका फॅटच्या आकड्यातल्या दशांश चिन्हावर येतो, म्हणजे ३.५ चं ३५ दिसतं आणि लोक हसतात. माऊस जोडलेला नाहीच तर बाण येतो कुठून, आणि कायमचा घालवायचा कसा.

आधी एक, सर-बिर म्हणू नका, मी काही मास्तर नाही, भोसरीत मशीनच्या पॅनलची कामं करतो, बारा-तेरा वर्षं हेच चाललंय. आणि मी मोबाईलवरून मराठी कीबोर्डवरच लिहितोय त्यामुळे कमांडची नावंपण देवनागरीतच येतील, तुम्ही वाचून ओळखालच.

तुम्ही विचारलंय "लपवायचा कसा" पण तुमच्याच प्रश्नात दुसरा प्रश्न आहे तो जास्त कामाचा आहे, माऊस नाही तर बाण का. बाण दिसतो म्हणजे सिस्टीममधल्या कुणालातरी वाटतंय की इथे माऊस आहे. ते कुणाला आणि का वाटतंय हे न बघता नुसता बाण झाकला तर तो दिसायचा बंद होतो पण तिथेच असतो, आणि असलेल्या पण न दिसणाऱ्या बाणाचे त्रास वेगळे, ते खाली सांगतो. मी पहिली काही वर्षं झाकाझाकीच करत होतो.

उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे. खाली एक्स आहे का वेलँड (लिनक्समध्ये स्क्रीन आणि इनपुट सांभाळायच्या या दोन पद्धती, एक्स जुनी आणि वेलँड नवी), वर ॲप कशात लिहिलंय, आणि पुढे कधी कुणी सर्व्हिसला येऊन खरा माऊस लावणार आहे का. तिसरी गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत.

तुमचं अनक्लटर का बंद पडलं ते आधी. ते एक्सचं प्रोग्रॅम आहे, एक्स सर्व्हरला सांगतं की बाण हलला नाही तर झाक. रास्पबेरी पायची सिस्टीम ऑक्टोबर २०२३ मध्ये बुकवर्म या आवृत्तीवर आली तेव्हा पाय ४ आणि ५ वर डेस्कटॉप वेलँडवर गेला, आधी वेफायर नावाचा कंपोझिटर (ॲपच्या खिडक्या आणि बाण स्क्रीनवर मांडणारा प्रोग्रॅम) होता, मग ऑक्टोबर २०२४ मध्ये तो बदलून लॅबडब्ल्यूसी आला. तुमचं जुनं कार्ड एक्सवर असणार आणि नवीन वेलँडवर. वेलँडमध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमला दुसऱ्याचा बाण झाकायची सोयच नाही, बाण कसा दिसायचा ते ज्या ॲपवर तो आहे ते ॲप आणि कंपोझिटर ठरवतात. त्यामुळे अनक्लटर चालू दिसेल, एरर पण देणार नाही, आणि काहीही होणार नाही. यात तुमची चूक नाही, इंटरनेटवरची दहापैकी आठ उत्तरं अजून एक्सच्या काळातलीच आहेत.

दोघांमधला फरक समजून घ्या कारण त्यावरच सगळं आहे. एक्समध्ये पॉइंटर हा नेहमीच असतो, माऊस लावा न लावा, सर्व्हर चालू झाला की एक आभासी पॉइंटर जन्माला येतो आणि स्क्रीनच्या मधोमध उभा राहतो. बोट लावलं की एक्स त्या टचमधून माऊसची नक्कल पण करतो, म्हणजे बाण उडी मारून बोटाखाली येतो आणि बोट उचललं तरी तिथेच राहतो. वेलँडमध्ये तसं नाही. तिथे टच वेगळा, पॉइंटर वेगळा, आणि माऊससारखं काही उपकरण जोडलेलं असेल तरच कंपोझिटर ॲप्सना सांगतो की पॉइंटर आहे. म्हणजे तत्त्वतः नुसता टच असलेल्या यंत्रावर वेलँडमध्ये बाण दिसायलाच नको. तरी तुम्हाला दिसतोय. मग माऊस कोण आहे?

इथे दोन संशयित आहेत आणि तुमच्याकडे बहुतेक दोन्ही आहेत.

पहिला म्हणजे तुमची एचडीएमआय केबल. हसू नका. एचडीएमआयमध्ये सीईसी नावाची एक सोय असते, टीव्हीच्या रिमोटची बटणं त्या केबलमधून पायपर्यंत येतात. त्यासाठी लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, एक इनपुट उपकरण तयार करतं, व्हीसी४-एचडीएमआय अशा नावाचं. आता कर्नलमधला जो रिमोट कंट्रोलचा भाग आहे त्यात सगळ्या रिमोटना सरसकट "हा आडवाउभा सरकू पण शकतो" असा शिक्का मारलेला आहे, कारण काही रिमोटवर माऊससारखी कांडी असते. झालं, लिबइनपुट (कुठलं इनपुट उपकरण काय आहे ते ओळखणारा भाग) तो शिक्का वाचतं आणि म्हणतं कीबोर्ड आणि पॉइंटर. टीव्ही नाही, रिमोट नाही, तरी एक माऊस हजर. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आधीचे दोन दिवस टच पॅनलच्या नावाने खडे फोडत होतो आणि पॅनल बिचारं निर्दोष होतं.

दुसरा संशयित तुमचं पॅनलच. या स्वस्त यूएसबी पॅनलांचा कंट्रोलर बऱ्याचदा दोन तोंडं दाखवतो, एक खरं टचचं आणि एक साध्या माऊसचं, म्हणजे जुन्या सिस्टीमवर ड्रायव्हर नसला तरी निदान माऊस म्हणून चालावं. काही पॅनल तर फक्त माऊसच असतात, टच म्हणून विकलेली असली तरी.

ओळखायचं कसं ते सोपं आहे. लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाका, मग सुडो लावून लिबइनपुट लिस्ट-डिव्हाइसेस चालवा. प्रत्येक उपकरणाच्या खाली कॅपॅबिलिटीज अशी ओळ येते, तिथे पॉइंटर हा शब्द कुणाकुणासमोर आहे ते लिहून घ्या, अगदी कागदावर. मग लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स चालवून स्क्रीनला बोट लावा. टच_डाऊन अशी ओळ आली तर पॅनल खरं टच आहे. पॉइंटर_मोशन_ॲब्सोल्यूट आलं तर तुमचं पॅनल स्वतःला माऊस म्हणवतंय. ओळीच्या सुरुवातीला कुठल्या इव्हेंट क्रमांकाच्या उपकरणातून ते आलं तेही दिसतं, तो क्रमांक महत्त्वाचा, कारण पुढची पायरी चुकीच्या उपकरणावर केली तर पंचाईत होते.

पुढची पायरी म्हणजे यूडेव्हचा, लिनक्समधल्या जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या भागाचा, एक नियम. नियमांच्या फोल्डरमध्ये एक फाईल बनवायची, त्यात एकच ओळ, उपकरणाचं नाव व्हीसी४-एचडीएमआय ने सुरू होत असेल तर लिबइनपुट_इग्नोर_डिव्हाइस ला १ द्या. पाय ४ ला दोन एचडीएमआय असतात म्हणून नावाच्या शेवटी स्टार (*) टाका म्हणजे दोन्ही पकडली जातील. पॅनलचं माऊसवालं तोंड वेगळ्या नावाने येत असेल तर त्याच्यासाठी अशीच दुसरी ओळ. रीबूट करा आणि परत यादी बघा, पॉइंटर शब्द कुठेच दिसायला नको.

यात माझी फजिती झालेली ती सांगतो. एका डेअरीच्या संकलन केंद्रावर असंच पॅनल होतं, मी ऑफिसातल्या पॅनलवर बघून नियम लिहिला आणि तोच साईटवर टाकला. मॉडेल तेच, डबा तोच, पण आतला कंट्रोलर वेगळ्या बॅचचा, आणि त्या बॅचमध्ये खरा टच नव्हताच, सगळं माऊसच्या तोंडातूनच चाललेलं. रीबूट केल्यावर बाण गेला आणि टचपण गेला. पहाटे साडेपाचची वेळ, बाहेर कॅन घेऊन लोक उभे, माझ्याकडे कीबोर्ड नाही आणि एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत जायची सोय) मीच "सुरक्षेसाठी" बंद केलेलं. शेवटी कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घालून फाईल उडवली, तोवर त्यांनी वहीवर लिहून दूध घेतलं. तेव्हापासून डीबग-इव्हेंट्स ही पायरी मी साईटवर त्याच पॅनलवर करतो.

पॅनल फक्त माऊसच निघालं तर त्याला दुर्लक्षित करता येणार नाही हे उघड आहे. मग खरंच झाकाझाकीच करावी लागते, किंवा पॅनल बदला. दोन-चार यंत्रं असतील तर झाका, पन्नास बनवणार असाल तर पॅनल बदला असं माझं मत, कारण असं पॅनल दोन बोटांचं काही करत नाही आणि स्क्रोल करायला गेलं की मजकूर सिलेक्ट होतो.

आता कंपोझिटर. लॅबडब्ल्यूसी हा डेस्कटॉपसाठी आहे, त्याचं काम माऊस दाखवणं हेच, तुम्हाला डेस्कटॉप नकोच आहे. मी अशा एका ॲपच्या यंत्राला डेस्कटॉप नसलेली लाईट इमेज घेतो आणि वर केज टाकतो. केज हा छोटा कंपोझिटर आहे, एकच ॲप फुल स्क्रीन दाखवतो, बाकी ना टास्कबार ना मेनू. आणि त्याची आपल्या कामाची सवय अशी की पॉइंटरवालं उपकरण नसेल तर तो बाण काढतच नाही. म्हणजे वरचा नियम आणि केज एवढं जमलं की बाण झाकायची एकही ओळ लिहावी लागत नाही. वर आणखी फायदा, सर्व्हिसवाल्याने माऊस खुपसला की बाण आपोआप दिसतो, माऊस काढला की जातो. ते तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फुकटात मिळालं.

स्वे हा कंपोझिटर वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये सीट स्टार हाईड_कर्सर आणि पुढे मिलिसेकंद लिहायचे, कमीत कमी १०० चालतात, शून्य लिहिलं तर उलट बंद होतं. लॅबडब्ल्यूसीच ठेवायचा असेल तर नव्या आवृत्त्यांमध्ये हाईडकर्सर नावाची ॲक्शन आहे, ती एखाद्या कीला बांधून सुरुवातीला ती की दाबल्याचं नाटक करायचं असा जुगाड लोक करतात, चालतो, पण माऊस हलला असं त्याला वाटलं की बाण परत येतो. आणि अगदी शेवटचा उपाय म्हणजे पारदर्शक कर्सर थीम, एक बाय एक पिक्सेलचं रिकामं चित्र घेऊन एक्सकर्सरजेन ने कर्सर बनवायचा. मी केलंय. त्यात मेख अशी की बाण म्हणजे एकच कर्सर नाही, लिंकवर हात, मजकुरावर उभी रेघ, लोड होताना चक्र, प्रत्येकाचं नाव वेगळं, आणि एकाच वस्तूला ॲपगणिक दोन-तीन नावं. तुम्ही एक झाकता आणि ग्राहक बटण दाबतो तेव्हा पांढरा हात उगवतो. सगळ्या नावांचे सिमलिंक (शॉर्टकट) त्या रिकाम्या चित्राकडे करावे लागतात.

एक्सवरच राहायचं असेल, आणि राहायला हरकत नाही, माझी जुनी यंत्रं अजून त्यावरच आहेत, तर सर्व्हर सुरू करतानाच त्याला हायफन नोकर्सर हा ऑप्शन द्या. लाईटडीएम हा लॉगिनचा प्रोग्रॅम असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये सीट स्टारच्या खाली एक्ससर्व्हर-कमांड मध्ये तो लिहायचा, एक्सइनिट ने सुरू करत असाल तर दोन हायफननंतर. हा अनक्लटरपेक्षा बरा कारण मधला फ्लॅश पण दिसत नाही, अनक्लटरमध्ये बोट लावलं की बाण क्षणभर चमकतो. पण मग खरा माऊस लावला तरी बाण दिसत नाही, ॲपने मागितला तरी नाही, आणि सर्व्हिसवाला आंधळ्यासारखा माऊस फिरवत बसतो. योक्टोने बनवलेल्या लिनक्सवर मॅचबॉक्स विंडो मॅनेजर असेल तर त्याला यूज_कर्सर नो सांगता येतं.

ॲपमधून घालवायचं तर तुमच्या पानाच्या सीएसएसमध्ये (रंगरूप ठरवणाऱ्या फाईलमध्ये) सगळ्या एलिमेंटला कर्सर नन, इम्पॉर्टंट लावून. हे सगळे सांगतात आणि चुकीचं नाही पण अपुरं आहे. पान लोड होईपर्यंत बाण दिसतो, नेट गेलं आणि क्रोमियमचं एरर पान आलं की दिसतो, म्हणजे गडबड असते तेव्हाच तो हजर. क्यूटी या टूलकिटमध्ये ॲप लिहिणाऱ्यांसाठी वेगळं, ईजीएलएफएसवर, म्हणजे थेट स्क्रीनवर, ॲप चालत असेल तर खाली एक्सपण नाही आणि वेलँडपण नाही, बाण क्यूटी स्वतः काढतं, तिथे क्यूटी_क्यूपीए_ईजीएलएफएस_हाईडकर्सर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ द्यायचं की झालं. पायथनवाल्यांसाठी, पायगेममध्ये माऊस सेट_व्हिजिबल फॉल्स, टीकेइंटरमध्ये रूट विंडोला कर्सर नन, किव्हीत ग्राफिक्सखाली शो_कर्सर शून्य.

आता तो न दिसणारा बाण. एका पॅकिंग मशीनच्या पॅनलवर, एक्स होता आणि नोकर्सर टाकलेलं, स्क्रीन स्वच्छ, मी खुश. आठवड्याने फोन आला की स्टॉप दाबलं तरी बटण पिवळंच राहतं, मशीन थांबलं का नाही कळत नाही. मशीन थांबलेलं असायचं. पण बाण मात्र स्टॉपच्या बटणावरच उभा होता, शेवटचं बोट तिथे लागलेलं ना, आणि वेब डिझायनरने माऊस वर आला की बटण पिवळं करायचं असं हॉव्हर लिहून ठेवलेलं. डोळ्याला बाण नाही, ब्राऊझरच्या लेखी आहे. ऑपरेटरने रंगावर विश्वास ठेवायचा का नाही हा काही सौंदर्याचा प्रश्न नाही. तिथे मी दोन गोष्टी केल्या, हॉव्हरचे सगळे नियम मीडिया क्वेरीत टाकले, म्हणजे हॉव्हर करता येणारं उपकरण असेल तरच ते लागू, आणि तरी काही ठिकाणी ब्राऊझर फसत होता म्हणून प्रत्येक टचनंतर एक्सडूटूल ने बाण खालच्या कोपऱ्यात ढकलला. तुमच्या स्क्रीनवर पण बघा, "पावती" बटण दाबल्यावर त्याचा रंग परत येतो का. नाही आला तर बाण अजून जिवंत आहे असं समजा.

बूट होताना डाव्या कोपऱ्यात जी लुकलुकणारी रेघ दिसते ती यातली काहीच नाही, तो कन्सोलचा कर्सर आहे, बरेच जण दोन्हीत गोंधळ करतात आणि रेघ घालवायला अनक्लटर टाकतात. ती कर्नलच्या कमांड लाईनमधून जाते, व्हीटी डॉट ग्लोबल_कर्सर_डीफॉल्ट ला शून्य. बुकवर्ममध्ये सीएमडीलाईन डॉट टीएक्सटी ही फाईल बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये गेलीय. त्यात सगळं एकाच ओळीत हवं, एंटर मारून खाली लिहिलं तर ते वाचलंच जात नाही.

अँड्रॉइड बोर्डवर हाच त्रास असेल तर तिथे गोष्ट वेगळी, पण मूळ तेच. टचच्या ड्रायव्हरने "मी थेट स्क्रीनवर बसलोय" असं सांगितलं नाही तर अँड्रॉइड त्याला लॅपटॉपचं टचपॅड समजतं आणि बाण काढतं. आयडीसी फाईल (इनपुट उपकरणाच्या सेटिंगची) बनवून त्यात टच डॉट डिव्हाइसटाईप ला टचस्क्रीन लिहायचं, फाईलचं नाव व्हेंडर आणि प्रॉडक्टच्या आकड्यांवरून. सिस्टीमच्या पार्टिशनमध्ये लिहावं लागतं म्हणून बोर्ड विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज संध्याकाळचं संकलन झालं की दोन्ही लिबइनपुटच्या कमांड चालवा आणि जे येईल ते इथे चिकटवा. माझा अंदाज व्हीसी४-एचडीएमआय वर आहे, पण पॅनलचं दुसरं तोंड निघालं तरी मला आश्चर्य वाटणार नाही. तोवर उद्या सकाळचं निभवायला सीएसएसची ओळ टाकून ठेवा, निदान दशांश चिन्ह तरी दिसेल. आणि यूडेव्हच्या फाईलला हात लावायच्या आधी एसएसएच चालू आहे ना, आणि केंद्रावरच्या वायफायवरून लॅपटॉपने आत जाता येतंय ना, ते एकदा प्रत्यक्ष करून बघा.